सात सुवर्णपदकं आणि तीन विजय

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. तेलाच्या पैशावर उभं राहिलेलं, सुखवस्तू, फारसं कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलं. 2011च्या उन्हाळ्यात या शहराच्या महिला बास्केटबॉल संघाने डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगमध्ये 34 सामने खेळले आणि त्यांतले 31 गमावले. टक्केवारीच काढायची तर विजयाचं प्रमाण नऊ टक्क्यांनाही पोचत नाही. लीगच्या इतिहासात याहून वाईट हंगाम कुणाचा झालेला नाही.

हरणारे संघ जगात पैशाला पासरी मिळतात, त्यात लिहिण्यासारखं काय? एरवी काही नसतं. पण टल्सा शॉक या संघाचं प्रकरण वेगळं होतं. हंगामाच्या उत्तरार्धात या संघाची प्रशिक्षक होती टेरेसा एडवर्ड्स : पाच ऑलिंपिक खेळलेली आणि त्यांतून चार सुवर्णपदकं आणलेली. मैदानात होती शेरिल स्वूप्स : तीन ऑलिंपिक सुवर्णं, तीनदा लीगची सर्वोत्तम खेळाडू, ह्यूस्टन कॉमेट्सच्या सलग चार विजेतेपदांची मानकरी. म्हणजे दोघींची मिळून सात सुवर्णपदकं आणि संघाचे मिळून तीन विजय. आपल्याकडच्या सोनूबाईच्या हाती निदान कथलाचा वाळा तरी असतो.

हे घडलं कसं, हे समजायला थोडं मागे, डेट्रॉइटला जावं लागतं. शॉक हा मुळात तिथला संघ. मोटारींच्या शहरात ‘शॉक’ हे नाव शोभूनही दिसायचं. 2002 साली या संघाने पहिले 10 सामने ओळीने गमावले, तेव्हा बिल लेम्बिअर नावाच्या दांडगट माजी खेळाडूला प्रशिक्षक केलं गेलं. तो हंगाम 9 विजय आणि 23 पराभवांवर संपला आणि पुढच्याच वर्षी, 2003मध्ये, तोच संघ विजेता ठरला. नंतर 2006 आणि 2008ची विजेतेपदंही त्यांनीच घेतली. तेव्हा तळ आणि शिखर या दोन्ही जागांची या घराण्याला चांगली ओळख होती. फक्त डेट्रॉइटमध्ये चढण तळाकडून शिखराकडे होती.

2009च्या ऑक्टोबरात संघ टल्साला हलवल्याची घोषणा झाली. एखादी नावाजलेली खानावळ दुसऱ्या गावी हलवावी, पाटी आणावी, बाकडी आणावीत, भिंतीवरची ‘स्थापना’वाली तसबीरही आणावी आणि आचारी जुन्या गावातच राहावा, तसं हे स्थलांतर झालं. संघाचा कणा असलेली डिॲना नोलन आलीच नाही. ती रशियातल्या येकातेरिनबुर्गच्या क्लबकडून खेळत राहिली. दुखापतींनी बेजार झालेली शेरिल फोर्ड आली नाही. केटी स्मिथ वॉशिंग्टनला गेली, ताज मॅकविल्यम्स-फ्रँकलिन न्यूयॉर्कला. ज्या आल्या, त्यांच्यातल्या बहुतेकींना पहिला हंगाम संपायच्या आत दुसरीकडचं तिकीट मिळालं.

याला बाईमाणसाची लहर समजू नये. डब्ल्यूएनबीए ही तेव्हा चार महिन्यांची उन्हाळी नोकरी होती. खरा पगार हिवाळ्यात, रशिया-तुर्कस्तानात मिळायचा. तिथल्या बड्या कंपन्यांचे क्लब अमेरिकेतल्या पगाराच्या कित्येक पट मोजायचे. अशा वेळी उन्हाळ्यात अनोळखी गावी जाऊन नवा संसार थाटण्यापेक्षा घरी पाय पसरून बसणं हा हिशेबी निर्णय होता. टल्साच्या मालकांनी संघ विकत घेतला, पण त्यांना मिळाला तो संघाचा इतिहास. आणि एकदा इतिहास खरेदी करायची सवय लागली की सुटत नाही.

पुढची खरेदी प्रशिक्षक नोलन रिचर्डसन यांची. टल्सामध्ये हे नाव देवघरात ठेवण्याइतकं मोठं. 1981मध्ये टल्सा विद्यापीठाच्या मुलांना त्यांनी एनआयटी ही कॉलेज संघांची स्पर्धा जिंकून दिली होती, पुढे 1994मध्ये अर्कान्सास विद्यापीठाला एनसीएएचं, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद. त्यांच्या खेळाच्या पद्धतीला नावच होतं ‘चाळीस मिनिटांचा नरक’. प्रतिस्पर्ध्याच्या हाती चेंडू गेला रे गेला की आपल्या पाचही जणांनी संपूर्ण मैदानभर त्याच्या अंगावर धावून जायचं, श्वास घ्यायला उसंत द्यायची नाही, चुका करायला लावायच्या. डब्ल्यूएनबीएचा सामनाही बरोबर चाळीस मिनिटांचा असल्यामुळे नरकाचं मापसुद्धा बदलावं लागणार नव्हतं.

पण नरक चालवायला मनुष्यबळ लागतं. कॉलेजात प्रशिक्षक स्वतः हिंडून दमदार पोरं निवडतो, बाकावर ताज्या पायांची रांग बसवतो आणि समोर असतात एकोणीस-वीस वर्षांचे विद्यार्थी. असं वादळ अंगावर आलं की ते गडबडतात. इथे संघात जेमतेम अकरा जणी आणि समोर तिशीतल्या व्यावसायिक बायका. त्यांतल्या अर्ध्यांनी हिवाळाभर युरोपातल्या शहरांत याहून बेरकी सापळे चुकवलेले. त्या शांतपणे दोन पास देत आणि मोकळ्या टोपलीखाली जाऊन चेंडू टाकून येत. नरक ठरल्याप्रमाणे भरायचा, फक्त त्यात कोण भाजलं जाणार याचा अंदाज चुकलेला असायचा. रिचर्डसन प्रशिक्षक होते आणि महाव्यवस्थापकही होते. स्वयंपाकही त्यांचा, किराणाही त्यांनीच आणलेला. भाजी बिघडली तर वाण्याला नावं ठेवायची सोय नव्हती.

2010च्या त्या पहिल्या हंगामातला सर्वांत गाजलेला किराणा म्हणजे मॅरियन जोन्स. सिडनी ऑलिंपिकची ती धावपटू : पाच पदकं जिंकलेली, उत्तेजकांच्या प्रकरणात 2007मध्ये ती सगळी परत केलेली आणि तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलल्याबद्दल 2008मध्ये तुरुंगात सहा महिन्यांची शिक्षा भोगलेली. कॉलेजात ती खरोखर उत्तम बास्केटबॉल खेळायची. 1994मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या विजेत्या संघात ती होती. पण कॉलेजचा तो खेळ सुटून तेरा वर्षं झाली होती. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मुलाबाळांची आई असताना, ती टल्सामध्ये ‘नवोदित खेळाडू’ म्हणून दाखल झाली. एवढ्या अपमानानंतर पुन्हा लोकांसमोर उभं राहायला, तेही बदली खेळाडू म्हणून बाकावर बसायला, छाती लागते. त्याला दाद द्यायलाच हवी. मात्र छातीने रिबाउंड, म्हणजे टोपली चुकून परतणारे चेंडू, मिळत नाहीत. संघाने त्या वर्षी 34पैकी 6 सामने जिंकले. सहा हा आकडा तेव्हा लोकांना केविलवाणा वाटला. वर्षभराने त्याच सहाकडे सुवर्णयुग म्हणून पाहण्याची वेळ येणार होती.

2011च्या हंगामासाठी संघाने आणखी थोडा भूतकाळ आणि पहिल्यांदाच थोडा भविष्यकाळ आणला. भूतकाळ म्हणजे स्वूप्स. डब्ल्यूएनबीएने करारबद्ध केलेली सर्वांत पहिली खेळाडू. लीगच्या पहिल्याच हंगामात बाळंत होऊन सहा आठवड्यांत मैदानावर परतलेली. नायकी कंपनीने जिच्या नावाचा बूट काढला अशी पहिली बास्केटबॉलपटू. बूट होते 1995चे. आता ती चाळीस वर्षांची होती आणि मधली दोन वर्षं लीगबाहेर होती.

भविष्यकाळ होता ऑस्ट्रेलियाची लिझ कॅम्बेज. वय 19, उंची 2.03 मीटर, ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडण्याच्या सोहळ्यात, दुसरी निवड. अडचण एवढीच, की टल्साला जायची तिला मुळीच इच्छा नव्हती आणि हे तिने ड्राफ्टच्या आधीच बोलून दाखवलं होतं. मुलीचा नकार सगळ्या गावाला ठाऊक असताना मुहूर्त धरला तर लग्नात जो सूर लागतो, तो इथे लागला. पोरगी खेळली मात्र झकास. एकोणिसाव्या वर्षी लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी तिची निवडही झाली.

व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर संघाकडे पूर्ण भूतकाळ होता, साधा भविष्यकाळ होता आणि सामने नेमके वर्तमानकाळात होते.

याला एकच ठसठशीत अपवाद. टिफनी जॅक्सन नावाची टेक्सासची फॉरवर्ड. मोठी वलयं नाहीत, बुटांवर नाव नाही. एकतीस पराभवांच्या त्या हंगामात तिने आपल्या कारकिर्दीतला सर्वोत्तम खेळ केला. इतर जणी काल काय होत्या किंवा उद्या काय होतील याची चर्चा चालू असताना ती टोपलीखाली उभी राहून पडणारे चेंडू गोळा करत होती आणि या संघात टोपलीतून बाहेर पडणाऱ्या चेंडूंना तोटा नव्हता. पुढे 2022मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, कर्करोगाने ती गेली. टल्साच्या त्या हंगामावर हसताना तिचं नाव आलं की हसणारा जरा थांबतो.

11 सामन्यांतून 1 विजय झाल्यावर, जुलैच्या सुरुवातीला, रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. त्यांची सहायक एडवर्ड्स प्रशिक्षक झाली. त्याच महिन्यात जोन्सलाही निरोप मिळाला. सगळं बदललं, निकाल तेवढा बदलला नाही.

ओळीने हरणं म्हणजे काय हे क्रिकेटवर वाढलेल्या मराठी माणसाला नीट कळत नाही, कारण क्रिकेटमध्ये सुटकेचे दरवाजे फार. पाऊस आहे, अंधुक प्रकाश आहे आणि कसोटीत तर ‘अनिर्णित’ नावाची मऊ उशी आहे. भारताला पहिला कसोटी विजय मिळाला तो 1952मध्ये मद्रासला, विजय हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली, पंचविसाव्या कसोटीत. त्याआधीची वीस वर्षं लोक तग धरून राहिले ते पराभवांच्या मधेमधे पेरलेल्या अनिर्णित सामन्यांवर. ‘हरलो नाही’ हे वाक्य आपल्याकडे जिंकल्याच्या थाटात उच्चारता येतं. बास्केटबॉलमध्ये ही सोय नाही. डोक्यावर छप्पर असतं, त्यामुळे पावसाला साकडं घालून उपयोग नाही. गुण समान झाले तर जादा पाच मिनिटं, तरी समान तर आणखी पाच, कुणीतरी हरेपर्यंत दिवे चालूच. आणि टल्साच्या बाबतीत ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, याबद्दल फारशी उत्सुकता उरलेली नव्हती.

असे लागोपाठ 20 सामने ते हरले. जूनमध्ये सुरू झालेली ही मालिका ऑगस्ट संपत आला तरी चालू होती. ओळीने वीस पराभव हा लीगमध्ये विक्रम होता. पुढे इंडियाना फीव्हरने 2022चे शेवटचे अठरा आणि 2023चे पहिले दोन सामने हरून त्याची बरोबरी साधली, पण त्यांना त्यासाठी दोन हंगाम लागले. टल्साने एका उन्हाळ्यात काम उरकलं.

प्रेक्षकांचं काय? टल्साचं बीओके सेंटर हे चकचकीत, हजारो खुर्च्यांचं सभागृह. त्यातल्या बहुसंख्य खुर्च्यांनी तो हंगाम निवांत पाहिला. इथे वॉशिंग्टनची आठवण काढायला हवी, कारण हरण्याचा धंदा नीट कसा करावा हे त्या शहराने दाखवून दिलं होतं. 1998मध्ये वॉशिंग्टन मिस्टिक्स हा संघ नवा कोरा जन्माला आला. पहिल्याच हंगामात त्याने 30पैकी 27 सामने गमावले. आणि घरच्या सामन्यांना होणाऱ्या गर्दीत तो लीगमध्ये पहिला आला! घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला 20,674 माणसं होती, पुढेही सरासरी सोळा हजारांच्या आसपास राहिली. म्हणजे सर्वांत जास्त हरणारा संघ सर्वांत जास्त लोक पाहत होते. राजधानीचं शहर असल्यामुळे तिथल्या जनतेला निकालाची अपेक्षा न ठेवता कामकाज बघायची सवय असावी.

बरं, एवढ्यावर भागलं नाही. बास्केटबॉलमध्ये विजेतेपद मिळालं की सभागृहाच्या छताला त्या सालाचा झेंडा टांगायची पद्धत आहे. मिस्टिक्सकडे टांगायला विजेतेपद नव्हतं, मग त्यांनी गर्दीचे झेंडे टांगले. ‘उपस्थितीत अव्वल’, तेही सालासकट. वर्गात कायम नापास होणाऱ्या मुलाच्या आईने शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र चौकटीत घालून दिवाणखान्यात लावावं, तसे हे झेंडे वर्षानुवर्षं तिथे फडकले. पाहुण्या संघांच्या समर्थकांची त्यावर भरपूर करमणूक झाली. शेवटी नव्या मालकांना लाज वाटली आणि झेंडे उतरवले गेले. खरा झेंडा लागायला 2019 उजाडावं लागलं. तोवर पहिल्या हंगामात खांद्यावर बसून आलेल्या मुली स्वतःचं तिकीट स्वतः काढण्याच्या वयाच्या झाल्या होत्या.

नवा संघ म्हणजे आधी हरायचंच असतं, असंही कुणी म्हणेल. अटलांटा ड्रीम 2008मध्ये अवतरला आणि पहिले 17 सामने ओळीने हरला. पण त्यांच्यापुढे कोरी पाटी होती, दोनच वर्षांत ते अंतिम फेरीत पोचले. टल्साच्या पाटीवर तीन विजेतेपदं आधीच कोरलेली होती.

26 ऑगस्ट 2011. प्रतिस्पर्धी लॉस एंजेलिस स्पार्क्स. सामना शेवटच्या क्षणांपर्यंत बरोबरीत रेंगाळला. एरवी अशा वेळी काय व्हायचं ते टल्साच्या खेळाडूंना पाठ होतं. पण चेंडू आला स्वूप्सच्या हातात. चाळीस वर्षांची स्वूप्स उडाली, चेंडू टोपलीतून आरपार गेला आणि वीस पराभवांची माळ तुटली. ज्या भूतकाळाची वर एवढी टिंगल केली, त्यानेच ऐन वेळी वर्तमानात येऊन काम केलं, हे लेखकाच्या सिद्धांताला गैरसोयीचं आहे, पण वस्तुस्थिती आहे. हंगामातला तो दुसरा विजय. मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या त्या पाहून नवख्या माणसाला वाटलं असतं, चषकच मिळाला.

हंगामाअखेर आणखी एक विजय जमा झाला. तीन आणि एकतीस.

आता अमेरिकी खेळांत हरणाऱ्यांसाठी एक दयाळू व्यवस्था असते. तळाच्या संघांना पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये आधी निवड करायला मिळते. मुद्दाम हरण्याचा मोह कुणाला होऊ नये म्हणून त्यात लॉटरी ठेवलेली. जितके जास्त हरलात, तितकी पहिला क्रमांक लागण्याची शक्यता जास्त. त्या वर्षी लॉटरीत चार संघ होते आणि सर्वाधिक शक्यता अर्थातच टल्साची. सोडत निघाली. टल्साचा क्रमांक चौथा. चारांतला चौथा! मैदानात हरणं समजू शकतं, चिठ्ठ्यांमध्येही हरायचं म्हणजे हद्द झाली. आणि पहिला क्रमांक कुणाला? लॉस एंजेलिस स्पार्क्सना, ज्यांना हरवून टल्साने ऑगस्टात दिवाळी केली होती त्यांनाच. त्यांनी नेका ओगुमिकेला घेतलं. ती पुढे लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि 2016मध्ये तिने स्पार्क्सना विजेतेपद मिळवून दिलं.

कॅम्बेज 2012च्या हंगामात परत आलीच नाही. त्या ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये रशियाविरुद्ध तिने चेंडू वरून थेट टोपलीत ठोकला. ऑलिंपिकमध्ये असा डंक मारणारी ती पहिली महिला. टल्साच्या चाहत्यांना आपला भविष्यकाळ टीव्हीवर बघायला मिळाला.

त्यानंतर संघ मुंगीच्या पावलांनी सुधारत गेला. 2012मध्ये 9 विजय, मग 11, मग 12. स्कायलर डिगिन्स आली, तरुण मुली जमल्या, नावांऐवजी संघ दिसू लागला. 2015च्या हंगामाची सुरुवात तर धडाक्यात झाली. जूनमध्ये डिगिन्सचा गुडघा गेला, तरीही संघ टिकला. 18 विजय, 16 पराभव आणि टल्सामध्ये आल्यापासून पहिल्यांदा प्ले-ऑफ, म्हणजे बाद फेरी. तिथे फिनिक्सने दोन सामन्यांत गुंडाळलं, पण सहा वर्षं कळ काढलेल्या प्रेक्षकांना तेही चाललं असतं. मात्र मधल्या जुलैमध्येच मालक बिल कॅमरन यांनी संघ डॅलस परिसरात हलवत असल्याचं जाहीर करून टाकलं होतं. भाजी जमायला लागली आणि खानावळ उठली. या वेळी आचारीही बरोबर गेले.

डॅलसमध्ये नाव ठेवलं विंग्ज. विक्रमांच्या वहीत मात्र घराणं एकच धरलं जातं, त्यामुळे डेट्रॉइटची तीन विजेतेपदं आणि टल्साचे 3-31 एकाच रकान्यात नांदतात. 2024मध्ये या विंग्जनी 40पैकी 9 सामने जिंकले. लॉटरीत या वेळी पहिला क्रमांक लागला आणि पेज बेकर्स ही देशभर गाजलेली खेळाडू मिळाली. 2025मध्ये तीच लीगची सर्वोत्तम नवोदित ठरली. संघाने त्या वर्षी 44पैकी 10 सामने जिंकले. आधीची टक्केवारी 22.5 होती, ती 22.7 झाली.